‘परवडणार नाही’ हे निदान नव्हे

घरातला दूरचित्रवाणी संच बंद पडला, तर तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न एखाद्या वाङ्मयीन व्यासपीठावर चर्चेला घेण्याच्या लायकीचा आहे का, अशी शंका काही वाचक घेतील. आमच्या मते तो आहे. मध्यमवर्गीय घरात वर्षातून एकदा तरी कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या निमित्ताने तो विचारला जातो, आणि हल्ली प्रश्न पुरता उच्चारला जाण्यापूर्वीच उत्तर तयार असते: ‘परवडणार नाही, नवाच घ्या.’ या उत्तराला व्यवहारज्ञानाची प्रतिष्ठा आहे. ते हिशेबाचे उत्तर आहे असे मानले जाते. वस्तुतः त्यात हिशेब फारच थोडा असतो. जे असते ते शब्दांच्या सवयीतून आलेले असते, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालायला हरकत नसावी.

आमच्या लहानपणी टीव्ही ‘बिघडत’ असे. आता तो ‘जातो’. ‘आमचा टीव्ही गेला’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो आणि त्यातले क्रियापद आपण एरवी माणसाच्या मृत्यूसाठी राखून ठेवतो, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. घडणे आणि बिघडणे ही जोडी मराठीत एकमेकींना धरून उभी आहे. जे घडवले गेले ते बिघडू शकते आणि बिघडलेले पुन्हा जुळवता येते, ही शक्यता त्या क्रियापदातच आहे. ‘गेला’ म्हटले की उरते ती केवळ विल्हेवाट. ‘दुरुस्त’ हा शब्द आपण फारसीतून घेतला आणि इतका आपलासा केला, की राज्यघटनेतल्या बदलालाही आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो. १९५१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीपासून २०२३ सालच्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीपर्यंत या देशाने आपला मूलभूत दस्तऐवज मोडीत न काढता वापरला. (तुलना ओढूनताणून आणलेली वाटेल, पण ती आम्ही शोधलेली नाही, मराठीनेच पुढे केली आहे.) आपल्याच व्यवसायातले उदाहरण घ्यायचे तर मुद्रिते हाती आल्यावर आपण दुरुस्त्या करतो. तिसऱ्या पानावर वेलांटी चुकली म्हणून पुस्तक रद्दीत घालत नाही.

आता त्या सुप्रसिद्ध नियमाकडे येऊ. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर नवी वस्तू घ्यावी. दुकानदार, सेवा केंद्र आणि शेजारी हे तिघेही हा नियम भूमितीतल्या प्रमेयासारखा सांगतात. त्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. दुरुस्तीचा खर्च सांगणाऱ्याला बिघाड नेमका कळलेला आहे, हे पहिले. दुरुस्तीचा खर्च आणि नव्या वस्तूची किंमत हे दोन आकडे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, हे दुसरे. आजच्या टीव्हीच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके वारंवार खोटी ठरतात, आणि ती का खोटी ठरतात हे समजून घ्यायचे तर संचाच्या पाठीमागचे झाकण काढून आत पाहावे लागेल. साहित्याच्या वाचकांनी कंटाळू नये. आम्हीही हे चाळिशीनंतरच शिकलो.

ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, त्यात प्रकाश आणि चित्र या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. चित्र तयार होते ते द्रवस्फटिकांच्या काचेवर, हेच पॅनेल. पण ही काच स्वतः उजळत नाही. तिच्या मागे बारीक एलईडी दिव्यांच्या पट्ट्या लावलेल्या असतात. शिवाय दोन-तीन मंडलफलक, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत बोर्ड: वीज पुरवणारा पॉवर बोर्ड, सगळा कारभार सांभाळणारा मेन बोर्ड, आणि अनेक संचांत पॅनेलला संदेश देणारा टी-कॉन. आता पट्ट्यांवरचे हे दिवे एकापाठोपाठ एक, एकसर जोडणीत असतात. त्यातला एक दिवा जळून वाट तुटली, की त्या ओळीतले सगळेच विझतात, आणि पुष्कळ संचांत तर सुरक्षेसाठी सगळाच प्रकाश बंद केला जातो. आवाज येत राहतो, पडदा काळा. घरातले म्हणतात, टीव्ही गेला. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी विजेरी मारली, तर मागे पुसट चित्र हललेले दिसते. चित्र दिसले, तर पॅनेल बहुधा शाबूत आहे आणि बिघाड दिव्यांत किंवा त्यांना वीज देणाऱ्या भागात आहे. दिव्यांच्या पट्ट्यांचा संच, आकार आणि मॉडेलनुसार, काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळतो. खरी मेहनत काच न तडकवता बाजूला काढण्याची आहे, आणि मेकॅनिक मजुरी घेतो ती या हातोटीची.

दुसरा नेहमीचा बिघाड पॉवर बोर्डावरच्या कपॅसिटरचा. उष्णतेने आतला द्रव सुकत जातो, डोके फुगते, संच चालू होऊन बंद पडतो किंवा लाल दिवा नुसता मिचकत राहतो. हा सुटा भाग काही रुपयांचा असतो. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर विजा पडतात तेव्हा केबलच्या वाटेने येणारा झटका मेन बोर्डावर बसतो. तिथे खर्च वाढतो, पण तोही नव्या टीव्हीएवढा क्वचितच. पॅनेलला तडा गेला, किंवा काचेच्या कडेला चिकटवलेल्या बारीक जोडण्या सुटून उभ्या रेघा कायमच्या आल्या, तर मात्र गोष्ट वेगळी. पॅनेल हा संचाचा सर्वांत महाग भाग आहे आणि एकट्याने विकत घ्यायला गेल्यास त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. ‘परवडणार नाही’ हे वाक्य या एका बिघाडाच्या बाबतीत बहुधा खरे असते. आमचा आक्षेप असा, की एका बिघाडाबद्दलचे खरे वाक्य सर्व बिघाडांना लावले जाते, आणि तेही झाकण न उघडता.

आमच्या महाविद्यालयातले उदाहरण देतो. नाटकांची चित्रमुद्रणे आणि लेखकांच्या मुलाखती दाखवण्यासाठी विभागात २०१८ साली त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला होता. २०२४ च्या जुलैत पडदा काळा झाला, आवाज चालू राहिला. सेवा केंद्राचा माणूस आला (केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही, अनुभव सार्वत्रिक आहे), त्याने रिमोटची दोन बटणे दाबली, भेटीचे शुल्क घेतले आणि ‘पॅनेल गेलंय सर, एकवीस हजार होतील, सव्वीसमध्ये नवा येतो’ असे सांगितले. संच भिंतीवरून उतरवलाही नाही. निम्म्याच्या नियमाने निर्णय झाल्यातच जमा होता. पण विभागातल्या एका मॅडमनी एसटी स्टँडमागच्या मेकॅनिकला बोलावले. त्याने दिवे बंद करायला लावले, मोबाइलची विजेरी तिरकी धरली आणि म्हणाला, “चित्र हाय की आत. पट्ट्या गेल्यात.” दोन दिवसांनी संच भिंतीवर होता. खर्च बावीसशे रुपये.

इथवरची कथा अनेकांनी अनुभवली असेल. आमच्या दृष्टीने तिचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. बावीसशे रुपयांची पावती लेखा विभागाने परत पाठवली, कारण तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. सव्वीस हजारांच्या खरेदीला मात्र कसलीच अडचण नव्हती: तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीचा ठराव, आणि जुना संच डेडस्टॉक नोंदवहीतून निर्लेखित करण्याचा अर्ज, सगळ्याचे छापील नमुने तयार. अनुदानाच्या ‘अनावर्ती’ शीर्षाखाली उपकरणांची खरेदी बसते. उपकरण सांभाळण्यासाठी ‘आवर्ती’ शीर्षाखाली जी रक्कम असते ती झेरॉक्स आणि टोनरमध्येच संपते. मार्चअखेर आली, की खर्च न झालेले अनुदान परत जाईल या भयाने खरेदीची घाई होते. मार्चअखेरची दुरुस्तीची घाई आम्ही एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिलेली नाही. लेखनिकांना दोष देण्यात अर्थ नाही. ते नियमाप्रमाणे वागले. नवी वस्तू घेणे हा व्यवहार आणि जुनी चालवणे ही अनियमितता, अशी ज्या संस्थेच्या कागदपत्रांची घडण आहे, तिथे ‘परवडत नाही’ याचा अर्थ ‘कागदात बसत नाही’ असाच होतो.

हीच घडण सरकारी पातळीवरही दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला, याबद्दल आमची तक्रार नाही. पण दुरुस्तीच्या सेवेवरचा दर १८ टक्केच राहिला. म्हणजे नवे घेणे आणि जुने चालवणे यांच्यातली करातली तफावतही नाहीशी झाली. (एसटी स्टँडमागचा मेकॅनिक एवढी उलाढालच करीत नसल्याने कराच्या जाळ्याबाहेर राहतो, म्हणून तर त्याची पावती परत येते.) २०२२ सालचे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांचा मुख्य भर उत्पादकांनी ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रण करवून घ्यावे यावर आहे. वस्तू कचरा झाल्यानंतरची ही जबाबदारी आहे. ती कचरा होऊ नये म्हणून उत्पादकावर काय बंधन? ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले, ज्यात ग्राहकोपयोगी टिकाऊ वस्तूंचाही समावेश आहे. चांगले झाले. मात्र संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून टीव्हीच्या उत्पादकांवर काही सुटे भाग, उदाहरणार्थ अंतर्गत वीजपुरवठ्याचा बोर्ड, शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध ठेवण्याचे बंधन आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून टीव्हीवर दहापैकी गुण छापायला लावले: हा संच दुरुस्त करणे किती सोपे? २०२५ च्या जानेवारीपासून टीव्हीसाठी त्याची जागा टिकाऊपणाच्या निर्देशांकाने घेतली. तिकडचे सगळे आदर्शच असते असे आमचे म्हणणे नाही. पण दुरुस्तीचा खर्च हा निसर्गाने ठरवलेला आकडा नसून धोरणाने ठरणारा आकडा आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. सुटा भाग विकायचा की नाही, कितीला विकायचा आणि मंडलाची आकृती कुणाला दाखवायची, हे उत्पादक ठरवतो. मग त्याच उत्पादकाच्या सेवा केंद्राने दोन आकडे समोर ठेवून ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणे, यात निवड कितीशी उरते?

यावर आम्हांला हमखास ऐकवले जाईल, की तुम्ही मराठीचे मास्तर, जुन्याचे गोडवे गाणारच. या आरोपाचे उत्तर जरा विस्ताराने द्यायला हवे, कारण जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांबद्दलच आमची मुख्य तक्रार आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, १९८२ साली रंग आले, १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले. या तीन तारखांभोवती स्मरणरंजनाचे जे पीक दिवाळी अंकांत दरसाल निघते, ते आम्ही इमानाने वाचत आलो आहोत. लाकडी पेटी, तिचे सरकते दार, गच्चीवरचा अँटेना, शेजाऱ्यांनी भरलेली खोली. हे सगळे लिहिणारा लेखक ज्या दिवाणखान्यात बसून लिहितो, तिथला टीव्ही सहा वर्षांत तिसरा असतो, आणि दुसऱ्याचे काय झाले हे त्याला आठवत नाही. त्या लेखांत शेजारी असतात, आजी असते, मुंग्या आलेला पडदा असतो. दर चार-सहा महिन्यांनी घरी येऊन पेटीची पाठ उघडणारा, डाक लावणारा, ‘एलओटी गेलाय’ म्हणून नेमका भाग दाखवणारा माणूस आमच्या वाचनातल्या या लेखांत क्वचितच भेटतो. चुकून भेटलाच तर विनोदापुरता. पिक्चर ट्यूबमधली इलेक्ट्रॉन गन बदलून ती ट्यूब पुन्हा वापरात आणणारे कारागीर त्या काळी होते. अनेक संचांबरोबर मंडलाची पूर्ण आकृती छापून मिळत असे. पेटीला चालते ठेवणारी ही सगळी व्यवस्था ज्या आठवणींत येतच नाही, त्या आठवणी वस्तूवरच्या प्रेमाच्या कशा म्हणाव्यात? आम्हांला तो काळ परत नको आहे. लाकडी पेटी जड होती, वीज जास्त खायची आणि ‘व्यत्यय’ हा तिचा सर्वांत नियमित कार्यक्रम होता. आम्हांला आजचाच टीव्ही हवा आहे, फक्त तो दहा-बारा वर्षे चालावा.

नवतेचा कैवार घेणाऱ्यांसाठीही एक शब्द. केशवसुतांनी ‘तुतारी’त जुन्याला निरोप देण्याची हाक दिली ती रूढींना उद्देशून, तिचा अनुवाद ‘एक्स्चेंज ऑफर’ असा झालेला पाहून त्यांना काय वाटले असते, ते असो.

एक्स्चेंजचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडच्या मोडीच्या व्यवहाराशी ताडून पाहावा. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून नवी घेण्याची रीत जुनी आहे. तिथे तराजू असे; मोडीचे वजन होई, दर कळे, आणि ते पितळ वितळून पुन्हा भांडे होई. टीव्हीच्या एक्स्चेंजमध्ये वजन नाही की तपासणी नाही. ‘चालू असो वा बंद’ एकच रक्कम, जी पुष्कळदा छापील किमतीत आधीच मिसळलेली असते. जुना संच पुढे कुठे जातो, हे विचारायची सोय नाही. पितळेसारखा तो वितळून टीव्ही होत नाही, एवढे नक्की. तांबे, ॲल्युमिनिअम आणि बोर्डांवरचे थोडे मौल्यवान धातू काढून घेतले जातात, आणि हे काम पुष्कळदा हातमोजेही नसलेल्या माणसांकडून, तारा जाळून होते.

याउलट पॅनेल तडकलेला संच मेकॅनिकला दिला, तर त्याला त्यात चांगला पॉवर बोर्ड, मेन बोर्ड, स्पीकर आणि दिव्यांच्या पट्ट्या मिळतात. त्याच मॉडेलचा दुसरा संच आला, की हे भाग त्यात बसतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरून आलेल्या कुणालाही हा व्यवहार ठाऊक असतो. म्हणजे नवा टीव्ही घेणे अटळ असले, तरी जुन्याचे काय करायचे हा दुसरा निर्णय शिल्लक राहतोच, आणि तो एक्स्चेंजच्या पाचशे-हजार रुपयांत विकून टाकू नये असे आम्ही म्हणतो.

नवा घ्यावा असे प्रसंग आहेत. पॅनेल फुटले, मेन बोर्ड दोनदा बदलूनही तिसऱ्यांदा गेला, झाकण उघडल्यावर आत पाणी शिरून सगळे गंजलेले निघाले. अशा वेळी हट्ट धरणे हा निव्वळ हेका होईल. पण यांच्या रांगेत एक खोटा प्रसंगही येऊन बसला आहे. संच धडधाकट असतो, चित्र उत्तम असते, केवळ आतली प्रणाली जुनी झाल्याने एखादे ॲप चालेनासे होते. हा बिघाडच नव्हे. दोन-तीन हजारांची स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयच्या खाचेत लावली, की प्रश्न मिटतो. तरीही ‘आउटडेटेड झालाय’ या एका विशेषणावर चांगले संच भिंतीवरून उतरतात.

आणि आता आपल्या विषयाकडे, म्हणजे मराठीच्या अभ्यासक्रमाकडे. उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकांत जाहिरातलेखन असते. विद्यार्थी उत्साहाने लिहितात, आम्ही गुण देतो. ‘जुना द्या, नवा न्या’ या धर्तीच्या पंचवीस ओळी दरवर्षी आमच्या हाताखालून जातात. यंत्राची माहितीपुस्तिका, दोषनिदानाचा तक्ता, दुरुस्तीच्या सूचना असे लेखन आम्ही आजवर शिकवलेल्या कोणत्याही पत्रिकेत नव्हते. त्या एसटी स्टँडमागच्या मेकॅनिकला जे येते ते त्याच्या हातात आणि डोक्यात आहे. तो जे ज्ञान व्हिडिओ पाहून मिळवतो ते हिंदीत असते, बोर्डावरची अक्षरे इंग्रजीत असतात, आणि त्याच्या हाताखाली शिकायला आलेला मुलगा वर्षभरात मोबाइलच्या दुकानात निघून जातो. ‘पट्ट्या’, ‘डाक सुटणे’, ‘बोर्ड मारणे’ अशी त्याची परिभाषा कोणत्याही कोशात नोंदलेली आम्हांला दिसली नाही. पारिभाषिक कोशांच्या कामात पिढ्या घालवलेल्या भाषेला हे भूषणावह नाही.

म्हणून आम्ही आमच्या अभ्यासमंडळाकडे एक प्रस्ताव पाठवला आहे: जाहिरातलेखनाच्या घटकाइतकेच गुण ‘दुरुस्तिपुस्तिका-लेखना’च्या घटकाला द्यावेत, आणि त्याचे प्रात्यक्षिक म्हणून विद्यार्थ्याने गावातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे, मग तो टीव्हीचा असो, मिक्सरचा असो की शिलाई यंत्राचा, पंधरा दिवस बसून त्याच्या एका कामाची पायरीवार नोंद साध्या मराठीत करावी. कारागिराने ती वाचून बरोबर म्हटली, तरच गुण. प्रस्तावावर पहिली हरकत आली ती अशी, की या घटकासाठी संदर्भग्रंथ उपलब्ध नाहीत.